गळ आणि गुण

आपल्याकडील नीतिग्रंथांत माशाच्या वाट्यास आलेली भूमिका फारशी मानाची नाही. हरिण नादाने, हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, भ्रमर गंधाने आणि मासा रसाने प्राणास मुकतो, हा पाठ संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा घोकलेला असतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले जे चोवीस गुरू सांगितले त्यांतही मासा आहे. आणि एकनाथांनी 1573 साली काशीत त्या स्कंधावरील आपली टीका पूर्ण केल्यापासून त्याची जिव्हालोलुपता मराठी घरांतील पोथीश्रवणात साडेचारशे वर्षे गाजत आली आहे. गळास लागलेला मासा म्हणजे स्वतःच्या हावेने मेलेला मासा, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ‘अमका गळाला लागला’ असे आपण एखाद्या माणसाविषयी म्हणतो तेव्हा त्याच्या दुर्दैवाइतकाच त्याच्या लोभाचाही निर्देश करीत असतो. त्याची कीव येते, पण अर्धीच.

माझे वडील कोकणातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. परसात मासे साफ करीत बसलेल्या आईकडे बोट दाखवून ते मला हा पाच इंद्रियांचा पाठ समजावून देत, आणि दुपारी तेच मासे आवडीने जेवत. रसनेचा बळी नेमका कोण, हा प्रश्न त्या वयात मला पडला नाही. मीही मासे खातो. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते शाकाहाराच्या प्रचारार्थ नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. लिहावयाचे आहे ते वडिलांनी शिकविलेल्या त्या समीकरणास गेल्या वर्षी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गेलेल्या तड्याविषयी.

गेल्या मे महिन्यात मी व माझी पत्नी अमेरिकेत मिशिगन राज्यात मुलीकडे गेलो होतो. जावई मोटारींच्या धंद्यात अभियंते आहेत; राहणे ॲन आर्बर गावाजवळ. गावाच्या वायव्येस पिंकनी नावाचे सरकारी राखीव रान असून त्यात लहानमोठी पुष्कळ तळी आहेत. हिमयुगाच्या अखेरीस मागे हटणाऱ्या हिमनदीने बर्फाचे अवाढव्य तुकडे गाळामातीत पुरून मागे ठेविले; ते सावकाश वितळले आणि त्यांच्या जागी ही तळी झाली. त्यांपैकी हाफ मून लेक, म्हणजे अर्धचंद्र सरोवर, हे जावयांचे रविवारचे देवालय होय. आपल्याकडे मे म्हणजे विहिरींचा तळ दिसावयाचे दिवस. तेथे तो खराखुरा वसंत. हिवाळाभर बर्फाच्या झाकणाखाली निजलेल्या तळ्याचे पाणी प्रथम काठच्या उथळ भागात ऊबदार होते, आणि तळ्यातले सारे जीवन त्या चार हात रुंदीच्या पट्ट्यात गर्दी करते. गळ घेतलेली माणसेही तेथेच गर्दी करतात, हे सांगावयास नकोच.

त्यांच्या प्रीतीचा मासा म्हणजे बास. मराठीत ह्या शब्दाचा अर्थ ‘पुरे’ असा होतो. परंतु तिकडच्या गळवाल्यांस तो कधी पुरे झालेला मी पाहिला नाही. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा अशा त्याच्या दोन प्रसिद्ध जाती आहेत. माझी हकीकत पहिल्याची. हिरवट काळी पाठ, कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला काळा पट्टा, आणि डोळ्याच्याही मागे पोचलेला जबडा. एरवी हा मासा खरोखरीच अधाशी आहे. बेडूक, झिंगे, लहान मासे, जे समोर येईल ते गिळतो. आपल्या नीतिकारांनी वर्षातील इतर महिन्यांत त्यास पाहिले असते तर आपल्या श्लोकातील एक अक्षरही बदलण्याचे त्यांस कारण पडले नसते.

पण पाण्याची उष्णता पंधरा अंश सेंटिग्रेडच्या वर गेली की ह्या जातीचा नर खोल पाणी सोडून काठाशी येतो. गुडघाभर किंवा कमरेभर पाण्यात, वाळू अथवा बारीक खडी असेल अशी जागा पाहून तो शेपटीने तळ झाडतो, आणि दीड-दोन हात रुंदीचे एक स्वच्छ वर्तुळ तयार करतो. वरून पाहिले असता ते एखाद्या नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखे दिसते. मादी येते, हजारोंनी अंडी घालते, आणि निघून जाते. पुढचे सारे नराकडे. परांनी वारा घालावा तसे पाणी घालून तो अंड्यांवर गाळ बसू देत नाही. चारसहा दिवसांत अंडी फुटली की पिले पोहू लागेपर्यंत त्यांच्यावर पहारा करतो. आणि ती पोहू लागल्यावरही काही आठवडे त्यांच्या थव्याभोवती फिरत राहतो. ह्या सबंध काळात तो जवळजवळ उपाशी असतो. अन्न शोधण्यास दूर जावे तर घरटे उघडे पडते, आणि सभोवार ब्लूगिल नावाचे लहान चपटे मासे त्याच क्षणाची वाट पाहत तरंगत असतात.

आता ज्यासाठी एवढा प्रपंच मांडला ती गोष्ट. उपाशी असूनही ज्यास खाण्याची इच्छा नाही अशा माशास गळास कसे लावावे? जावयांनी मला ते मोठ्या उत्साहाने समजावून दिले. ते मनाने फार मृदू गृहस्थ आहेत. पावसात रस्त्यावर आलेले कासव दिसले तर मोटार थांबवून ते पलीकडे ठेवून येतात. त्यांनी पाण्यावरील चकाकी कापणारा एक चष्मा मला दिला आणि पाण्यातले ते अंगण दाखविले. गळाला त्यांनी पालीच्या आकाराची रबरासारखी एक मऊ बाहुली अडकविली. ‘बाबा, ही त्याच्या खाण्यासाठी नाही,’ ते म्हणाले, ‘अशा आकाराचे प्राणी अंडी खातात म्हणून त्याचा ह्यांच्यावर राग असतो. ही नेमकी अंड्यांच्या मध्यावर टाका आणि नुसती हलवा.’

मी टाकली. लहानपणी व्हाळात पुष्कळ गरवले असल्यामुळे हात अगदीच परका नव्हता. पहिल्या वेळी तो मासा नुसता पुढे झाला व थांबला. दुसऱ्या वेळी त्याने त्या बाहुलीस नाकाने ढोसले. तिसऱ्या वेळी त्याने ती ओठांत धरली, दोन हात अंतरावर नेली आणि तेथे टाकून दिली. चष्म्यातून मला हे अगदी स्पष्ट दिसले. तो ती खात नव्हता. माशास हात नसतात. दारात आलेले विष उचलून बाहेर टाकावयाचे तर त्यास तोंडाखेरीज दुसरे साधन नाही. आपण ज्यास गळ गिळणे म्हणतो ते येथे केर काढणे होते. चौथ्या वेळी त्याने ती पुन्हा उचलली आणि जावयांनी ‘आता!’ म्हणून ओरडताच मी काठी ओढली.

पुढची चार मिनिटे आनंदाची होती, हे मी नाकारणार नाही. काठी वाकली, पाणी उसळले, माझ्या सहा वर्षांच्या नातवाने होडीत उड्या मारल्या. खालच्या ओठात अंगठा घालून मासा कसा धरावयाचा हे मला दाखविण्यात आले. वजन झाले, छायाचित्रे झाली. एकात माझे डोळे मिटले म्हणून पुन्हा एकदा झाली. आणि ह्या सर्व गडबडीत नातू होडीच्या काठावरून वाकून म्हणाला, ‘आजोबा, ते छोटे मासे तिथे काय खातायत?’

त्या स्वच्छ वर्तुळावर दहाबारा ब्लूगिल डोकी खाली करून तुटून पडले होते.

मासा सोडून दिला. तो क्षणभर होडीच्या सावलीत थांबला, आणि मग थेट घरट्याकडे गेला. ब्लूगिल पांगले. तो त्या वर्तुळावर फिरू लागला, पूर्वीसारखाच. वर्तुळात आता किती शिल्लक होते ते मला वरून दिसत नव्हते. त्यास दिसत असावे.

छायाचित्र मुलीने सर्व नातेवाइकांस पाठविले. अलिबागच्या माझ्या मेहुण्याने उलट विचारले, ‘किती किलो? कसा केला?’ सोडून दिला असे कळविल्यावर त्याने लिहिले, ‘मग धरला कशाला?’ तो गृहस्थ तत्त्वज्ञानाच्या वाटेस कधी गेलेला नाही. पण मी तीस वर्षे वर्गात नीतिशास्त्र शिकवूनही ह्या तीन शब्दांस मजजवळ उत्तर नव्हते.

उत्तर म्हणून जे दिले जाते ते तिरस्करणीय नाही, हे मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे. धरून सोडणे ही मनुष्याच्या क्रौर्याची नव्हे तर संयमाची पायरी म्हणून निघालेली चाल आहे. पोटासाठी नव्हे तर विरंगुळ्यासाठी मासे धरणे ही गोष्ट तर फार जुनी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने आपल्या मानसोल्लासात राजाच्या विनोदांत मत्स्यविनोदाची गणना करून माशांच्या जाती व त्यांचे खाद्य यांचा तपशील दिला आहे. इंग्रजीत आयझॅक वॉल्टनचे 1653 सालचे पुस्तक तर ह्या छंदाची गीताच मानली जाते. आमच्या विद्यार्थिदशेत ते शांत, सात्त्विक गद्याचा नमुना म्हणून वाखाणले जाई. बायरनने त्या म्हाताऱ्यास क्रूर म्हणून झोडपले तेव्हा आम्ही ते कवीचे लहरीपण समजलो. वॉल्टन निदान मासे शिजवून खात असे.

मिशिगनात 2015 पासून बासला वर्षभर गळ टाकण्याची मोकळीक आहे. मात्र मासा घरी नेण्याचा हंगाम मेच्या अखेरीस उघडेपर्यंत धरलेला मासा तत्काळ सोडावा लागतो. सीमेपलीकडे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, दक्षिण भागात बहुतेक ठिकाणी, अर्धा जून सरल्याखेरीज बाससाठी गळ टाकणेच निषिद्ध आहे. एकाच जातीचा मासा, सारखेच पाणी, आणि दोन शेजाऱ्यांचे दोन न्याय. ह्यातील कोणीही मूर्ख नाही. मिशिगनचा न्याय संख्येचा आहे. एकेका घरट्यात हजारो अंडी असतात. त्यांतून मोठे मासे होणारे अगदीच थोडे. काही घरटी उजाड झाली तरी उरलेल्यांतून तळे भरून निघते, आणि शेवटी तळ्यात मासे किती राहतात हे घरट्यांवर नव्हे तर अन्न, आसरा व हिवाळा यांवर ठरते, असा तो हिशेब आहे. ओंटारिओतच ओपिनिकॉन नावाच्या सरोवरावर क्वीन्स विद्यापीठाचे एक संशोधन-केंद्र आहे. तेथे शास्त्रज्ञांनी पाण्यात बुड्या मारून घरटी न्याहाळली, नर मुद्दाम गळाने उचलून काही वेळ दूर ठेविले, आणि मागे काय होते ते मोजले. नर जितका अधिक वेळ दूर, तितकी भक्षकांची चंगळ अधिक. आणि परतल्यावर पिले फार थोडी उरली आहेत असे आढळले तर तो पुष्कळदा घरटे कायमचेच सोडून जातो. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. तळे भरलेले राहील आणि ते एक घरटे रिकामे होईल. राज्यकारभार पाहणाऱ्यास पहिली गोष्ट पुरेशी आहे. काठी हातात असलेल्या माणसास ती पुरेशी आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

येथे कोणी विद्वान म्हणेल की, मास्तर, आपण माशावर मानवी गुणांचा आरोप करीत आहां. मासा कर्तव्यदक्ष नाही, वत्सलही नाही. ऋतू पालटताच रक्तात उतरणाऱ्या द्रव्यांचे ते खेळ आहेत. मला हे मान्य आहे. परंतु मग ह्याच न्यायाने मासा लोभीही नव्हे! जिव्हालोलुपतेचा आरोप आपण त्याच्यावर हजारदोन हजार वर्षे बिनदिक्कत करीत आलो, त्या वेळी कोणी रक्तातील द्रव्ये पुढे केली नाहीत. दुर्गुण असला म्हणजे तो माशाचा, आणि सद्गुण असला म्हणजे तो निसर्गाचा, ही वाटणी मोठी सोयीची आहे. शिवाय माझा प्रश्न माशाच्या नीतीविषयी नाहीच. मासा काय करीत होता हे त्याचे त्यास ठाऊक. मी काय करीत होतो हे मला ठाऊक आहे. मला सांगण्यात आले होते की, तो भुकेने येणार नाही, पिलांच्या राखणीसाठी येईल. आणि हे जाणून मी आमिष नेमके पिलांच्या मध्यावर टाकिले होते.

इलिनॉय राज्यातील रिज लेक नावाच्या लहानशा तळ्यावरील एका दीर्घ प्रयोगाची माहिती मला तेथील ग्रंथालयात मिळाली. गळास लागलेल्या प्रत्येक बासला खूण करून सोडावयाचे आणि पुन्हा केव्हा लागतो ते नोंदवावयाचे, असे काही वर्षे केल्यावर तळे उपसण्यात आले. काही मासे वारंवार लागलेले होते. काही एवढी वर्षे तेथे राहूनही कधीच लागले नव्हते. दोहोंची वीण निराळी ठेवून तीन पिढ्या पाहिल्या, तो गळास लागण्याची प्रवृत्ती वंशपरंपरेने उतरते असे दिसून आले. डेव्हिड फिलिप व त्यांचे सहकारी यांनी हे 2009 साली प्रसिद्ध केले. येथपर्यंत नवल नाही. मूर्खाच्या पोटी मूर्ख, असे कोणी म्हणेल. पण 2012 साली ह्याच दोन वंशांतील नरांची पितृत्वाच्या कामी तुलना झाली. सहज गळास लागणाऱ्या वंशातले नर अधिक दक्ष पिते ठरले. ते घरट्यावर अधिक पहारा करीत, आगंतुकावर अधिक त्वेषाने धावून जात, आणि त्यांच्या हातून अधिक पिले वाढत. ज्या अंगी त्यांस बाप म्हणून श्रेष्ठ म्हणावे, त्याच अंगाने ते गळाच्या हाती सापडत होते. जो नर आगंतुकाकडे काणाडोळा करतो तो सुरक्षित राहतो.

आमच्या नीतिपाठाचे आता काय करावे? त्या पाठाचा सारा भर मेलेल्याच्या दोषावर आहे. गळ टाकणाऱ्याविषयी तो गप्प आहे. दोषावर गळ टाकणे आणि गुणावर गळ टाकणे ह्यांत भेद आहे की नाही, हा प्रश्न त्याने उपस्थितच केलेला नाही. आपल्या महाकाव्यांनी मात्र केला आहे. रामायणात एकाच प्रसंगी दोन गळ टाकलेले आहेत. पहिला सुवर्णमृगाचा; तो इच्छेवर टाकलेला आहे, आणि त्यासाठी कीर्तनकार सीतेस आजही चार शब्द सुनावतात. दुसरा भिक्षापात्राचा. दाराशी आलेल्या अतिथीस विन्मुख पाठवू नये ह्या तिच्या धर्मावर तो टाकलेला आहे. मारीचाच्या मायेत निदान एक प्रकारची कला आहे. यतिवेषाने उभ्या असलेल्या रावणाचा जो किळस येतो तो निराळ्या जातीचा आहे. एरवी शत्रूशी सरळ झुंजणारा तो बलाढ्य राजा तेथे फार लहान दिसतो. आणि द्रोण? त्या वृद्ध आचार्यास शस्त्राने जिंकता येईना, तेव्हा त्याच्या पुत्रप्रेमाच्या मध्यावर अश्वत्थामा मेल्याची वार्ता टाकण्यात आली. त्याने शस्त्र खाली ठेविले. ते पक्षाच्या दृष्टीने आवश्यक होते, कदाचित न्यायाच्याही दृष्टीने असेल. तरी महाभारतकाराने भूमीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या दिवशी खाली आणल्याखेरीज राहवले नाही. धर्मराजाने आयुष्यात द्यूतासारखे मोठे प्रमाद केले होते. रथ तेव्हा खाली आला नव्हता.

परक्या देशातील माशाचे निमित्त करून मी शेजाऱ्यांस उपदेश करीत आहे असा समज होऊ नये. आमच्या कोकणात मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी कोसळल्या की नदीतले मासे ओढ्याव्हाळांतून भातखाचरांकडे अंडी घालण्यास वर चढतात. त्यांस चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. त्या रात्री कंदील घेऊन, पाग व कोयत्या घेऊन सारा गाव पाण्यात उतरतो. मीही उतरलो आहे. गाभोळीने फुगलेला मासा हाती लागला म्हणजे अधिक आनंद होत असे. तळ्यातली मरळ तर बासचीच बहीण शोभेल. तिची तांबडी पिले पाण्याच्या पृष्ठावर एका झुंडीत तरंगतात आणि आईबाप खालून पहारा करतात. जाणता गरवणारा त्या तांबड्या झुंडीच्या मधोमध बेडकी टाकतो. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने मला हे दाखविले होते, आणि ‘पोरांसाठी येते बघ,’ असे तो म्हणाला होता. त्या वाक्याचा अर्थ मला समजावयास पन्नास वर्षे लागली. तो म्हातारा दोन वेळच्या कालवणासाठी हे करीत होता, एवढा फरक आहे. आणि तो फरक मी लहान समजत नाही.

हे विचार तळ्याच्या काठीच संपले असते तर मी हा लेख लिहिला नसता. त्या रात्री झोप येईना तेव्हा मला आठवण झाली ती माशाची नव्हे, आमच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेची.

मी नऊ वर्षे आमच्या विभागाचा प्रमुख होतो. ह्या काळात विभागातल्या दोन जागा रिकाम्या पडल्या आणि भरल्या गेल्या नाहीत. कोणामुळे, हा येथे प्रश्न नाही. त्या जागांचे तास कोणी तरी घ्यावयास हवे होते. आम्ही उरलेले पाच जण होतो. त्यांपैकी तिघे नाही म्हणत, आणि ते नाही म्हणणार हे मला आगाऊ ठाऊक असे. चौथा मी. पाचव्या त्या बाई. मुले वर्गात बसून आहेत आणि शिकवावयास कोणी नाही, ही गोष्ट त्यांच्याने पाहवत नसे. मी त्यांस कधी आज्ञा केली नाही. मी एवढेच करीत असे की, जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या खोलीत जाऊन, अगदी सहज, म्हणावयाचे, ‘दुसऱ्या वर्षाची साठ मुले ह्या विषयाला यंदा वाऱ्यावर आहेत.’ आणि थांबावयाचे. पहिल्या दिवशी त्या काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः येऊन म्हणत, ‘सर, मी घेते.’

ह्यात मी असत्य काय बोललो? मुले खरोखरीच वाऱ्यावर होती. काठीला जोर असा मी कधी लावलाच नाही. आणि वर्षअखेरीस स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार होई. शाल, श्रीफळ, छायाचित्र. त्यांच्या निष्ठेविषयी मी दर वर्षी मनापासून बोलत असे आणि टाळ्या पडत. त्यांच्या प्रबंधाची पाच प्रकरणे लिहून झाली होती, सहावे राहिले होते. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा ती सरली. ‘जाऊ द्या सर, पुढे पाहू,’ असे त्या म्हणाल्या, आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेल्या. त्यांच्या मागे त्या प्रकरणांवर काय काय तुटून पडत होते, ते होडीतून वाकून पाहण्यास मजजवळ सहा वर्षांचा नातू नव्हता.

नाही म्हणणाऱ्या त्या तिघांपैकी दोघे आज प्राध्यापकपदास पोचले आहेत. ते वाईट शिक्षक आहेत असे नव्हे.

मिशिगनात आणखी तीन आठवडे होतो. दुसऱ्या रविवारी जावयांनी होडी काढली तेव्हा मी काठी घेतली नाही. पाठ दुखते म्हणून सांगितले, आणि ती थोडी दुखतही होती. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले. होडी त्यांनी उथळ काठाकडे न नेता मधल्या खोल पाण्याकडे नेली व ब्लूगिलसाठी गळ टाकला. त्या दिवशी आम्ही नऊ ब्लूगिल घरी आणून तळून खाल्ले. नातवाने त्यांतले दोन खाल्ले आणि ‘हे तेच का?’ असे विचारले. तेच असतील असे मी म्हणालो.

परतल्यावर महाविद्यालयाचे एक पत्र टपालात येऊन पडलेले दिसले. बाई स्वेच्छेने निवृत्ती घेत आहेत. निरोपसमारंभ पुढील महिन्यात असून, त्यांच्याबरोबर सर्वांत अधिक काळ काम केलेला सहकारी ह्या नात्याने मी त्यांच्या कार्याचा गौरव करावा, अशी विनंती आहे. मी भाषणाचा खर्डा करावयास बसलो. ‘कर्तव्यनिष्ठा’ हा शब्द पहिल्याच ओळीत आला. तो मी खोडला. मग पुन्हा लिहिला, आणि पुन्हा खोडला. कागद अजून टेबलावर आहे. त्यापूर्वी एकदा त्यांच्या घरी जाऊन यावे असे मनात आहे. सहाव्या प्रकरणाची टिपणे त्यांनी ठेविली आहेत की नाही, एवढे तरी विचारावयाचे आहे.